रविवारची भांडी

डिसेंबरच्या मध्यावर कमुरतां, म्हणजे शुभकार्यं टाळायचे दिवस, बसतात आणि बडोद्याची गती महिनाभर उतरते. गुजराती घरांतली लग्नं उत्तरायणापर्यंत थांबलेली असतात, त्यामुळे रात्री वरातींचा गोंगाट नसतो. कमाटीबागेत फिरायला येणारी माणसं मफलर गुंडाळून येतात, एखादी फेरी कमी मारतात आणि बाकावर जास्त वेळ बसतात. परदेशातली मुलं-नातवंडं घरी आलेली असतात. बाजारात पापडी, कंद, रताळी, लसणाची हिरवी पात दिसते आणि जिन्यातून वर चढताना कुणाच्या तरी घरचा उंधियुंचा वास येतो. आमच्यासारख्या मराठी घरांत याच दिवसांत धुंधुर्मास असतो. मला हे दिवस फार आवडतात. वर्ष सरत आलं, आपलं बरं चाललं आहे, आणि ते कुणाकुणामुळे चाललं आहे हे आठवायला मन थोडं मोकळं झालेलं असतं.

तरीही या दिवसांबद्दल मला एक म्हणायचं आहे, आणि ते गेल्या एक जानेवारीच्या सकाळपासून माझ्या मनात आहे.

त्या दिवशी सात वाजता बेल वाजली. घरात अकरा माणसं होती आणि मी सोडून सगळी झोपलेली होती. आमच्याकडे चौदा वर्षं काम करणाऱ्या बेन दारात उभ्या होत्या. चप्पल बाहेर काढून, पदर खोचून त्या सरळ मोरीपाशी गेल्या. आदल्या रात्रीची सगळी भांडी तिथे होती. उंधियुंच्या पातेल्याचा तळ करपून काळा झाला होता आणि तेल गोठून कडेला पांढरं बसलं होतं. नळाचं पाणी बर्फासारखं होतं. त्यांच्या उजव्या अंगठ्याला भेग पडलेली, त्यावर चिकटपट्टीचा तुकडा गुंडाळलेला. पाणी लागल्याबरोबर तो सुटला, तो त्यांनी काढून कट्ट्यावर ठेवला आणि पातेलं घासायला घेतलं. मग मागे वळून म्हणाल्या, ‘हॅपी न्यू इयर, मासी.’

आदल्या रात्री बारा वाजता मी घरच्या ग्रुपवर एक लांब मेसेज लिहिला होता. या वर्षात ज्यांच्यामुळे माझं आयुष्य सोपं झालं त्यांची नावं त्यात होती, आणि पहिलं नाव या बेनचंच होतं. मी ते मनापासून लिहिलं होतं. सगळ्यांनी हात जोडल्याची चिन्हं पाठवली. बेन त्या ग्रुपवर नाहीत. त्यांच्यापर्यंत माझ्या कृतज्ञतेतलं पोहोचलं ते करपलेलं पातेलं. मला त्या सकाळी लाज वाटली आणि ती लाज मला अजून योग्य वाटते.

माझं म्हणणं इतकंच आहे की ज्यांच्या कामावर आपला दिवस उभा आहे त्यांचे आभार मानायचे असतील, तर त्यांना वेळ द्यायला हवा. ठरलेला, पगारी, न मागता मिळणारा वेळ. मिठाईचा डबा, दिवाळीची पोस्त, गुजरातीत जिला बोणी म्हणतात ती, जुनी साडी, गोड शब्द हे सगळं चांगलंच आहे. पण हातातलं काम खाली ठेवता आलं नाही तर माणसाला यातलं काहीच नीट घेता येत नाही. आणि हे प्रत्येक घराच्या चांगुलपणावर सोडून चालणार नाही. सोसायटीनं, शहरानं, सरकारनं ते ठरवायला हवं.

संथपणाचं आपण फार गुणगान करतो. थोडं थांबा, हळू जगा, क्षण अनुभवा. मीही म्हणत असते. पण एकाचा संथपणा बहुतेक वेळा दुसऱ्याच्या घाईवर चालतो, हे मला उशिरा कळलं. धुंधुर्मासाचंच घ्या. दांडिया बाजारातल्या आमच्या घरी लहानपणी हा महिना म्हणजे सुख होतं. सूर्य उगवायच्या आत नैवेद्य, मग अंधारातच पानं. मुगाच्या डाळीची खिचडी, तीळ लावलेली बाजरीची भाकरी, लोण्याचा गोळा, लेकुरवाळी भाजी. आम्ही भावंडं गोधड्या पांघरूनच पानावर बसायचो. आजी म्हणायची, वर्षभर धावतो, या महिन्यात तरी सूर्याला जेवताना भेटावं. माझ्या आठवणीत ती पहाट अगदी सावकाश उजाडते. पुढे आई थकल्यावर एकदा मी तिला त्या दिवसांबद्दल उत्साहानं विचारलं. ती म्हणाली, ‘मला त्यातलं फक्त शेगडी पेटत नसे ते आठवतं.’ ती चारला उठायची. कोळसे दमट असायचे. आम्ही जेवून परत पांघरुणात शिरायचो आणि ती भांड्यांना लागायची. आम्हाला मिळालेली निवांत पहाट तिनं तिच्या झोपेतून काढून दिली होती, आणि आमच्यापैकी कुणी तिला एकदाही झोपू दिलं नाही.

आपल्याकडच्या जुन्या रीतींत ही समज होती असं मला वाटतं, आणि ती पोळ्याइतकी स्वच्छ दुसरीकडे कुठे दिसत नाही. माझं माहेरचं मूळ खानदेशातलं, त्यामुळे पोळा मी गावी पाहिला आहे. आदल्या संध्याकाळी खांदेमळणी. वर्षभर जू वाहून बैलाच्या खांद्याची कातडी जाड आणि खरबरीत झालेली असते. तिथेच हळद आणि तूप चोळतात, हातानं, सावकाश, जिथे भार पडला नेमकी तीच जागा. आणि त्याच्या कानाशी सांगतात, ‘आज आवतण घ्या, उद्या जेवायला या.’ दुसऱ्या दिवशी झूल, बेगड, पुरणपोळी. पण या सगळ्याच्या मुळाशी एक साधी अट असते की त्या दिवशी मानेवर जू ठेवायचं नाही. पुरणपोळी खाऊ घालून दुपारी नांगराला जुंपलं तर त्याला गावात कुणी पोळा म्हणणार नाही. वसुबारसेचंही तसंच. त्या दिवशी व्रत करणाऱ्या बायका गाईचं दूध-तूप वर्ज्य करतात. गाईची पूजा करायची तर त्या दिवशी तिच्याकडून घ्यायचं नाही, इतकं ते सरळ आहे.

हे लिहिताना मी माणसाला बैलाच्या जागी बसवत नाही. बैलासाठी जे आपल्या लोकांना सुचलं, ते घरात राबणाऱ्या माणसासाठी आपण केलं नाही, याचं मला दुःख आहे.

बडोद्यात तर वर्षाचे शेवटही एकाहून जास्त. आमचं मराठी वर्ष गुढीपाडव्याला बदलतं. गुजराती वर्ष दिवाळीच्या अमावास्येला संपतं, दुसऱ्या दिवशी बेसतुं वरस. पहाटे ‘सबरस’ म्हणून मीठ विकायला मुलं दारोदार येतात आणि दिवसभर ‘साल मुबारक’. मग लाभपाचमपर्यंत, म्हणजे कार्तिक शुद्ध पंचमीपर्यंत, मांडवी, नवा बाजार, मंगळ बाजार इथल्या कितीतरी दुकानांची शटरं खाली. बाहेरगावहून आलेल्या माणसाला हे चमत्कारिक वाटतं. धंद्यासाठी ओळखला जाणारा हा समाज ऐन सणाच्या गर्दीनंतर गल्ला बंद करून बसतो आणि त्याला कुणी आळशी म्हणत नाही. मला या रीतीबद्दल मोठा आदर आहे, कारण ती सगळ्यांची मिळून आहे. शेजारच्यानंही दुकान उघडलेलं नसतं, म्हणून आपलं गिऱ्हाईक जाईल ही भीती नसते. मालकाबरोबर नोकर, हमाल, टेम्पोवाला यांनाही गावी जाता येतं. थांबायचं असेल तर एकट्यानं थांबता येत नाही, सगळ्यांनी मिळूनच थांबावं लागतं, हे या शहराला ठाऊक आहे. पण लाभपाचमची ही सुटी बाजारपेठेच्या कमानीत अडते. त्या पाच दिवसांत घरी पाहुणे येत असतात, आणि भांडी घासणाऱ्या बेनना नेहमीपेक्षा जास्त काम असतं.

मी बँकेत तेहतीस वर्षं नोकरी केली. एकतीस मार्चला रात्री उशिरापर्यंत बसून खाती जुळवली, पण रविवार माझा होता. त्यासाठी मला कधी कुणाची मर्जी राखावी लागली नाही. साहेब चांगला असो की तापट, रविवार येतच राहिला. तो कुठून आला हे मला शाळेत कुणी सांगितलं नव्हतं. नारायण मेघाजी लोखंडे हे महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक चळवळीतले, ‘दीनबंधू’चे संपादक. त्यांनी 1884 मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि मागण्या मांडल्या. आठवड्याला रविवारची सुटी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, कामाच्या तासांना मर्यादा, पगार महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत. आज वाचताना त्या मागण्या किती माफक वाटतात. तरी सहा वर्षं लढावं लागलं, तेव्हा 10 जून 1890 रोजी गिरणी कामगारांची रविवारची सुटी मान्य झाली. पुढे 1942 च्या साप्ताहिक सुटीच्या कायद्यानं दुकानं आणि उपाहारगृहांतल्या नोकरांचा विचार केला, 1948 च्या कारखाने कायद्यानं कारखान्यांचा. रविवार असा एकेक उंबरठा ओलांडत आला आणि आपल्या घराच्या उंबरठ्यावर थांबला. माझ्या स्वयंपाकघरात भांडी घासणाऱ्या बाईंपर्यंत तो लोखंड्यांनंतर सव्वाशेहून जास्त वर्षं उलटली तरी आलेला नाही.

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं 2011 मध्ये घरकामगारांसाठी करार केला, त्यात आठवड्याला सलग चोवीस तासांची विश्रांती आहे. भारतानं तो अजून स्वीकारलेला नाही. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी 2025 मध्ये घरकामगारांसाठी स्वतंत्र कायद्याचा विचार करायला केंद्राला सांगितलं. कायदा होईल तेव्हा होईल, मी त्याची वाट पाहते आहे. पण सोसायटीचा ठराव करायला संसदेची गरज नाही.

या ठरावाबद्दल बोललं की लोक म्हणतात, कशाला नियम, आम्ही आमच्या बाईला मुलीसारखं सांभाळतो. मी याला बडोद्याच्याच इतिहासातून उत्तर देते. सयाजीराव महाराजांनी तरुण भीमराव आंबेडकरांना शिष्यवृत्ती देऊन 1913 मध्ये अमेरिकेला पाठवलं. एवढा मोठा राजा, एवढं मोठं मन. 1917 मध्ये आंबेडकर करारानुसार बडोद्यात नोकरीला आले, तेव्हा या शहरात त्यांना राहायला खोली मिळाली नाही. पारशी धर्मशाळेतून त्यांना बाहेर काढण्यात आलं. कमाटीबागेतल्या ज्या झाडाखाली ते सामान घेऊन बसले, ती जागा आज संकल्पभूमी म्हणून ओळखतात. मी रोज फिरायला जाते तेव्हा त्या बाजूनं जाते. राजाचं औदार्य खरं होतं, पण त्याच्याच राजधानीत ते एका खोलीपर्यंत पोहोचलं नाही. आणि त्याच सयाजीरावांनी सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण 1893 मध्ये अमरेली भागात सुरू करून 1906 मध्ये सगळ्या राज्यात लागू केलं, तेव्हा ते मुलींपर्यंत आणि आडगावांपर्यंत गेलं, कारण तो नियम होता. त्यात कुणाच्या बापाला महाराजांची भेट घ्यावी लागली नाही. एकाच माणसाच्या हातून झालेली ही दोन कामं मला शेजारी ठेवून पाहावीशी वाटतात.

मुलीसारखं सांभाळण्याबद्दल आणखी एक सांगते. 2024 च्या ऑगस्ट अखेरीस विश्वामित्रीचा पूर आला. आमच्या तळमजल्यावर पाणी होतं. ओसरल्यावर घोट्याएवढा चिखल उरला, त्याचा वास मी विसरणार नाही. तिसऱ्या दिवशी बेन आल्या आणि चार तास आमच्या पार्किंगमधला, जिन्यातला, खालच्या खोलीतला चिखल उपसत राहिल्या. मी चहा दिला, जास्तीचे पैसे दिले, डोळ्यांत पाणी आणून आभार मानले. त्यांचं घर नदीच्या जास्त जवळ आहे, हे मला माहीत होतं. तुमच्याकडे काय झालं, हे मी विचारलं ते त्या निघताना. ‘काल रात्री काढलं सगळं,’ त्या म्हणाल्या. ‘गादी गेली.’ आमचा चिखल दिवसा काढता यावा म्हणून स्वतःचा त्यांनी रात्री काढला होता. मी वाईट माणूस नाही. त्यांच्याशी मी कधी आवाज चढवून बोललेली नाही. पण ‘चार दिवस येऊ नका, पगार चालू राहील’ हे वाक्य माझ्या तोंडून निघालं नाही, कारण तशी पद्धतच नव्हती. पद्धत असती तर ते वाक्य माझ्या मनाच्या त्या दिवशीच्या अवस्थेवर अवलंबून राहिलं नसतं.

आमच्या सोसायटीच्या सभेत मी गेल्या महिन्यात हा विषय काढला. घरकाम करणाऱ्या बायकांना, जिना-आवार झाडणाऱ्यांना आणि दोन्ही वॉचमनना आठवड्यातून एक पगारी रजा, शिवाय बेसतुं वरस, उत्तरायण आणि एक जानेवारी. बारा-बारा तासांच्या पाळ्या करणाऱ्या वॉचमनना तर महिनोन् महिने रजा मिळत नाही. एक पाळीवर, दुसरा झोपलेला, असं त्यांचं वर्ष जातं. सभेत बराच वाद झाला. काही बोलणी ऐकून मला त्रास झाला, पण काही अडचणी खऱ्या होत्या आणि त्यांना उत्तर द्यायलाच हवं.

त्यांना रजा नकोच असते, पैसे हवे असतात, हे पहिलं बोलणं. मी घरी येऊन बेनना विचारलं, रविवारी येऊ नका म्हटलं तर? त्यांचा चेहरा उतरला. ‘मासी, रजाना पैसा कापशो?’ नाही कापणार म्हटल्यावर त्या थोडा वेळ काहीच बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, दुसरी चार घरं सोडणार नाहीत, एकट्या तुमच्याकडची रजा काय कामाची? त्यांचं बरोबर होतं. पाचांतल्या एका घरानं सुटी दिली तर त्यांना सुटी मिळत नाही, एका घराचं काम तेवढं कमी होतं. म्हणूनच सगळ्या घरांचा वार एकच असायला हवा, लाभपाचमच्या बाजारासारखा.

दुसरी अडचण दुसऱ्या मजल्यावरच्या काकांची. ते ब्याऐंशी वर्षांचे, पत्नी अंथरुणावर, मुलं टोरांटोला. त्यांची सांभाळणारी बाई एक दिवस आली नाही तर काकूंना कूस कोण बदलून देणार? काका हे बोलताना त्यांचा आवाज कापत होता. याला माझ्याकडे सोपं उत्तर नाही. बदली बाई लागेल, तिचे पैसे लागतील, ओळख होईपर्यंत काकूंना त्रास होईल. पण आज तो सगळा भार एकाच बाईच्या पाठीवर आहे आणि ती आजारी पडली तर उद्या हाच प्रश्न तयारीविना उभा राहणार आहे. आम्ही चार बायकांनी काकांना एकेक रविवार आपल्या अंगावर घेऊ असं सांगितलं आहे. कूस बदलायला मी शिकते आहे.

तिसरी अडचण कुणी मोठ्यानं बोललं नाही, पण बायकांच्या चेहऱ्यावर होती. बेन रविवारी आल्या नाहीत तर भांडी कुणाची? घरातल्या बाईचीच. तिला तरी कुठे रविवार आहे? एका बाईची सुटी दुसऱ्या बाईच्या मानेवर टाकली तर आईच्या शेगडीशीच आपण परत येतो. म्हणून माझ्या मते या ठरावाचा अर्धा भाग घरातल्या पुरुषांनी आणि मुलांनी पार पाडायचा आहे. रविवारी एक पदार्थ कमी करा, ताटं कमी घ्या, आणि आपापलं ताट धुवा. वरणभात-तूप-लिंबावर एक दिवस छान जातो.

दहा मिनिटांत सामान आणून देणाऱ्या मुलांचं मात्र एवढ्यानं भागत नाही. नीती आयोगाच्या 2022 च्या अहवालात गिग कामगारांची, म्हणजे कायम नोकरीऐवजी असं सुटं काम करणाऱ्या सगळ्यांची, संख्या 2020-21 मध्ये 77 लाख धरली होती आणि 2029-30 पर्यंत ती 2.35 कोटी होईल असा अंदाज दिला होता. एकतीस डिसेंबरच्या रात्री आपण काही मागवलं नाही तर त्या मुलाला विश्रांती मिळत नाही, त्याची कमाई बुडते. तिथे आपल्या संयमाचा त्याला उपयोग नाही. किमान कमाईची हमी, अपघाताचं संरक्षण आणि वेळेच्या शर्यतीला आळा हे कायद्यानंच होईल. राजस्थाननं 2023 मध्ये नोंदणी आणि कल्याण निधीचा कायदा करून सुरुवात केली. गुजरातनंही करावा ही मागणी आपण ग्राहकांनी करायला हवी, कारण घाई आपल्या नावानं केली जाते. तोवर दार उघडून पाणी विचारणं आणि जिन्यानं वर पाठवण्याऐवजी लिफ्ट वापरू देणं एवढं तरी आजपासून जमेल. आमच्याकडे लिफ्टमध्ये त्यांना मज्जाव करणारी पाटी होती. ती आता काढली आहे.

सभेत ठराव पुढच्या महिन्यावर गेला आहे. बदली वॉचमनचा खर्च आम्ही काढला, तो घरागणिक वाटला तर एका बाहेरच्या जेवणाहून कमी येतो. अठ्ठेचाळीस घरांपैकी एकोणीस घरांनी आतापर्यंत सही केली आहे. बेन ज्या पाच घरांत जातात त्यांतली चार त्या एकोणीसांत आहेत, आणि पाचव्या घरच्या वहिनी परवा जिन्यात थांबून म्हणाल्या की रविवारऐवजी बुधवार चालेल का. मी बेनना विचारलं. मुलीची शाळा बुधवारी असते, म्हणाल्या, रविवार असता तर तिला घेऊन एकदा कमाटीबागेत जायचं होतं, ती दोन वर्षं मागे लागली आहे. आज संध्याकाळी मी त्या वहिनींकडे जाणार आहे.